बुवांच्या गजराला तुटणारा सिग्नल

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आलो. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी येऊन बसतं... चहासोबत करमणूक म्हणून बरं असतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. आवाज का येतो आणि का येत नाही हे शोधण्यावर माझं अर्धं पोट चालतं. त्यामुळे "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल" अशी कमेंट टाकायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी जरा दम धरावा, ते सगळं मी करून बसलोय. आणि "शांती करून घ्या" असं सुचवणाऱ्यांनी तर थांबाच. शांती झाली, म्हणूनच लिहितोय.

आमचं घर आचऱ्यात, समुद्रापासून जरा आत, भातशेतीच्या कडेला. चिऱ्यांच्या भिंती, वर नळ्यांची कौलं. समोर खळं, म्हणजे अंगण, मग पडवी, आणि पडवीतून माजघरात जायला एक दार. हे दार लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या दारातच घडलंय. मी गिटार वाजवतो. सीझनला देवबागच्या होमस्टेंमध्ये, पर्यटक जेवत असताना टेबलांमधून फिरत. एरवी लग्नं, साखरपुडे आणि लोकांचे बिघडलेले स्पीकर. घरी सराव करताना अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, माजघरात असतो, कारण पडवीत खारी हवा आणि आईच्या कोंबड्या. मी बाहेर खळ्यात. चालत वाजवायची सवय मोडू नये म्हणून.

आधी माझी वायर त्या दारातून बाहेर यायची. एकदा वडिलांचा पाय तिच्यात अडकला, पडता पडता वाचले. आईने वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली की एक तर ही घरात राहील नाहीतर मी. मग मी वायरलेस घेतला. दोन लहान डब्या असतात. एक गिटारच्या वायरीच्या भोकात, दुसरी अँपच्या. दोन्हींवर हिरवा दिवा असेल तर दोघींचं जुळलंय, लाल लुकलुकला की तुटलं. सोपं काम.

आता वडिलांबद्दल. ते बुवा होते, भजनी बुवा. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून भजनातून एकमेकांना जबाब देतात, आणि रंग चढला की शेवटी गजर होतो. वडिलांनी स्वतः बांधलेला एक चार ओळींचा गजर होता. तो ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. मोबाईलवर तो कुणी घेतलाच नाही असं नाही, पण त्या झांजांच्या दणदणाटात चाल कुठली आणि आरडाओरडा कुठला, हे देवालाही कळणार नाही.

त्यांची शिकवायची रीत सगळ्या वाडीला ठाऊक होती. ते कधी ओरडले नाहीत, कधी चूक सांगितली नाही. कुणी चुकला की वाजत्या पखवाजावर पंजा ठेवायचे. कातडं मुकं, सगळं बंद. मग चुकणाऱ्याने आपलं आपण शोधायचं आणि पुन्हा धरायचं. बरोबर आलं तर वाजप पुढे जाणार, नाहीतर परत पंजा. अर्धी वाडी त्या पंजाखालून गेली. माझा मोठा भाऊही त्याखालून गेला. गेलो नाही तो फक्त मी. कॉलेजात असताना मी गिटार हातात घेतली, आणि ती टाकून पखवाजाला बसावं म्हणून समोर गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुजी बोटां तारेची झाली. ती आता कातड्यावर बसाची नाय." विषय संपला. चारचौघांत ते माझ्या वाजवण्याला खाजवणं म्हणायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू सावरली, वाचा गेली ती गेलीच. बुवाची वाचा. देवाला विनोद सुचतात ते असे.

त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट रोज व्हायची. मी खळ्यात वाजवायला लागलो की ते काठी टेकत यायचे आणि माजघराच्या दारात उभे राहायचे. आणि माझी गिटार बंद पडायची. यात चमत्कार काही नाही. या डब्या ज्या लहरींवर चालतात त्या पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. मध्ये माणूस आला की सिग्नल तुटतो. मी म्हणायचो, बाबा, जरा बाजूक व्हा. ते व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. ऐकायला यायचे की बंद पाडायला, हे मी विचारलं नाही. उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्द नव्हता आणि मला उत्तराची हौस नव्हती. त्याचं मला वाईटही वाटत नाही. ज्यांना इतकी वर्षं बोलता येत होतं, ते तेव्हा बोलले नाहीत.

गणपतीनंतर ते गेले. दिवसवार झाले. त्यांच्या शिष्यांनी ठरवलं की वर्षश्राद्धाला त्यांचा गजर देवळात म्हणायचा. बसले आणि भांडले. कारण प्रत्येकाची चाल वेगळी, आणि प्रत्येकाचं म्हणणं, बुवांनी मलाच शिकवली. शेवटी माझ्याकडे आले. ज्याला बुवांनी शिकवलं नाही तो कुणाच्या बाजूचा नाही, असा त्यांचा हिशेब. तू सगळ्यांचं ऐक, गिटारीवर एक चाल पक्की करून दे, मग आम्ही बसवतो. मला हसू आलं. खाजवणाऱ्याकडे आले शेवटी. पण हो म्हणालो. खरं सांगायचं तर मलाच तो गजर पाहिजे होता. एकदा तरी, नीट, माझ्या बोटांतून.

कापणी चालू होती. मी सकाळचा खळ्यात उभा राहून गजर काढायला लागलो, आणि दुसऱ्या ओळीला आवाज बंद. बघतो तर दिवा लाल. थांबलो, हिरवा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच ठिकाणी बंद.

मी घाबरलो वगैरे नाही, वैतागलो. पहिला संशय राउटरवर. आईला नातवंडांशी व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून भावाने बसवलेला. तो बंद केला. फोन बंद केला. शेजारच्यांनी नवा कॅमेरा लावला होता, त्यांना गोड बोलून तोही बंद करून घेतला. चॅनेल बदललं, डब्या चार्ज केल्या. काही फरक नाही. कुडाळला उमेशचं साउंडचं दुकान आहे, माझा कॉलेजचा मित्र. त्याने दुसरी जोडी वापरायला दिली. ती पण तिथेच तुटली. मग एक दिवस लाईट गेली, सगळ्या गावाची. राउटर मेले, कॅमेरे मेले, हवेत माझ्याशिवाय कुणाचा सिग्नल नव्हता. अँप बॅटरीवर चालतो. मी मुद्दाम बाहेर जाऊन वाजवलं. तुटला.

यापेक्षा विचित्र म्हणजे बाकी काहीही वाजवलं तर तुटत नव्हता. देवबागला वाजवतो ती सगळी हिंदी गाणी, पर्यटकांची इंग्लिश गाणी, झाडून सगळं वाजवून पाहिलं. स्वच्छ. आणि अँप उचलून खळ्यात माझ्या शेजारी आणला तर गजरही स्वच्छ. माझ्या आणि अँपच्या मध्ये ते दार असेल, आणि मी तो गजर वाजवत असेन, तरच. उमेशला हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "डिजिटल आसा रे ता. एक तर चलतला, नायतर बंद. गाणा बगून बंद पडणारो रिसिव्हर अजून कोणी काढूक नाय."

एक दिवस चिडून मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. तुटतोय तर तुटू दे म्हटलं. आणि माझ्या बोटांकडून कसं कोण जाणे, एक सूर थोडा खाली लागला. कोमल. कुठल्याच शिष्याने तो तसा म्हटला नव्हता. आवाज तुटला नाही. दुसरी ओळ पूर्ण झाली, तिसरीत गेलो, आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बंद.

तेव्हा कळलं. मी गिटार गळ्यात घेऊन तिथेच खळ्यात खाली बसलो. पखवाजावर पंजा पडला की असंच व्हायचं. ओरडा नाही, शब्द नाही. नुसतं मुकं.

मी त्या दाराकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. चौकट, मागे अंधारं माजघर, अँप चालू असल्याचा लाल ठिपका. सावली नाही, वास नाही, थंड झुळूक नाही, म्हणजे इथल्या वाचकांना जे जे लागतं त्यातलं काही नाही. पण त्यानंतर मी त्या दाराला पाठ करून कधी वाजवलं नाही.

तिसऱ्या ओळीने मला खूप छळलं. सगळे शिष्य ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, उचलत होते, मीही तेच करत होतो. पंजा. लवकर उचलून बघितली. पंजा. आई खळ्यात जवळा, म्हणजे बारीक सुकट, वाळत घालून निवडत बसायची आणि माझी तीच अर्धी ओळ ऐकत राहायची. एका सकाळी मी सम जाऊ दिली, एक श्वास थांबलो, आणि मग उचलली. ओळ सरळ निघाली. अख्खी. सगळ्या खळ्यावर पसरली.

आईचा हात जवळ्यात तसाच राहिला. "ही तेंची उचल," ती म्हणाली. "ही कोणाकच येय नाय. तुका कोणी शिकवल्यान?"

मी खोटं बोलायला पाहिजे होतं. पण मी इतका खूश होतो की सरळ सांगून टाकलं, "बाबांनी." आणि दाराकडे बोट केलं.

तिने सूप उचललं आणि मागच्या दाराने घरात गेली. त्या दिवसापासून ती पडवीतून माजघरात जायची बंद झाली, सगळ्या घराला वळसा घालून जायची. मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. मी माझ्याच आनंदात होतो. हो, आनंदच. लाज कशाला वाटायला हवी? माझ्या वडिलांनी मला शिकवायला घेतलं होतं. उशिरा, मेल्यावर, पण घेतलं होतं. तारेच्या बोटांसकट.

राहिली चौथी ओळ. ती शेवटी तीनदा फिरून समेवर येते, आणि तिसऱ्या फेरीत माझा सिग्नल तुटायचा. रोज. सूर बदलले, लय बदलली, श्वास बदलला. कधी अगदी शेवटच्या आघातापर्यंत पोचायचो आणि मग लाल. पण घाई नव्हती. गुरू कुठे जात नव्हता आणि वर्षश्राद्ध लांब होतं.

मग नाताळ आला आणि आमचा दादा आला, ठाण्याहून, मुलाबाळांसकट. दादा चांगला माणूस आहे, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घेणार नाही. चांगली माणसंच असली कामं करतात. नाताळच्या आठवड्यात माझा मुक्काम देवबागला होता, होमस्टे भरलेली, सलग कार्यक्रम. परत आलो तेव्हा दुपार होती. माजघराच्या दाराच्या उंबऱ्यावर हळदकुंकू होतं, तांदूळ होते, आणि आई त्याच दारातून ताटं घेऊन पुढून मागे, मागून पुढे करत होती. मला बघून ती थबकली, आणि मला काय झालंय ते कळलं.

आईने फोनवर दादाला सांगितलं होतं. दादा ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन कौल घेऊन आला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. म्हणजे देव तुम्ही विचारलं तेवढंच सांगतो, त्याच्या पदरचं काही नाही. सगळं आलं प्रश्नावर. आणि प्रश्न दादाने विचारला होता. घरात अडथळा आहे तो वडिलांचा आहे काय? उजवा. त्यांना वाटेला लावायचं काय? उजवा. गुरव घरी आला, त्या दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, हा जो कोण हय उबो ऱ्हवता तेका तेच्या वाटेक लाव म्हाराजा, आणि घरातले सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. माझे पुतणेसुद्धा. नंतर तो नारळ वेशीवर नेऊन ठेवला.

मी दादाला विचारलं, मी यायची वाट का नाही बघितलीस. तो म्हणाला, "तू आसतंस तर करूकच दिलं नसतंस."

"देवाक ईचारूचा तर नीट ईचारूचा होता," मी म्हटलं. "त्रास आसा काय ईचारलंस. शिकवतत काय, असा कित्या नाय ईचारलंस?"

दादा हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.  मग म्हणाला, "तो पंजो मी खाल्लंय, सुहास. ल्हानपणी. रडान रडान झोपलंय. तुका तेची हौस, ती तुका. आये त्या दारातसून जावक भियाता, ता माका बगवना नाय."

ज्याला मिळालं त्याने टाकून दिलं, आणि ज्याला मिळत होतं त्याचं काढूनही त्यानेच घेतलं. हे मी त्याला बोललो नाही. इथे बोलतोय.

मी गिटार घेऊन खळ्यात गेलो. गजर धरला. पहिली ओळ, दुसरी, श्वास, तिसरी, चौथी. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, आणि सम. दिवा हिरवा. मी पुन्हा वाजवला. हिरवा. तुटावा म्हणून राउटर उचलून त्या दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला, फोन चालू करून ठेवले. काही नाही. उमेशला फोन केला तर तो म्हणाला, झाला ना चालू, मग रडतंस कित्या.

आई पडवीत येऊन बसली होती. मी तिच्यावर चिडलेलो होतो आणि ते तिला दिसत होतं. ती म्हणाली, "तेंका जावचा होता रे. त्या दारात उबे ऱ्हवान ऱ्हवान पाय दुखले आसतीत तेंचे."

 ज्या बाईने शेवटच्या दिवसांत त्यांचे पाय रोज चेपले, तिला मी काय सांगणार की अजून एक ओळ बाकी होती?

आता तुम्ही स्पष्टीकरण विचाराल. माझ्याकडे नाही. उमेशचं म्हणणं, दमट हवा आणि माझं डोकं. दमट हवेला कोमल सूर कळतो का, हे त्याने मला सांगावं. दादाचं म्हणणं, कौल उजवा पडला म्हणजे सिद्ध झालं. काय सिद्ध झालं ते तोही सांगत नाही. मी स्वतः, डिप्लोमाचा कागद भिंतीवर लावलेला माणूस, आजही सांगू शकत नाही की त्या दारात काय उभं राहत होतं. इतकंच सांगू शकतो की जे होतं त्याला भजन येत होतं.

शिष्य मधूनमधून येतात. तिसऱ्या ओळीची उचल ऐकून त्यातला एक जण रडला. चौथी ओळ मी त्यांना माझ्या अंदाजाने दिलीय. बरोबर आहे ना, असं ते विचारतात, आणि मी हो म्हणतो. देवळात ती अशीच म्हटली जाईल आणि पुढे हीच बुवांची चाल म्हणून गावात राहील. चूक असली तरी.

ते गेले की मी एकटा खळ्यात उभा राहतो, दाराकडे तोंड करून. गजर धरतो. दुसऱ्या ओळीला तो सूर मुद्दाम चुकीचा लावतो. तिसरी ओळ मुद्दाम समेवर उचलतो. मग थांबून दिव्याकडे बघतो. हिरवाच असतो.